परसातला ससा आणि खरेदीखतातली अट

ससा हा तसा गरीब प्राणी. भुंकत नाही, आरवत नाही, रात्री गळा काढत नाही. पालापाचोळा खातो, जागा थोडी घेतो आणि त्याच्या लेंड्या बागेला खत म्हणून उपयोगी पडतात. तरीही अमेरिकेतल्या एखाद्या नव्या वसाहतीत घरामागच्या परसात दोन ससे पाळायचे म्हटले, तर ते स्वतःच्या जमिनीवरही जमेलच असे नाही. अडवायला सरकार येत नाही. अडवते ती वसाहतीची ‘होमओनर्स असोसिएशन’, म्हणजे घरमालकांचा संघ. घर घेतले की त्याचे सभासदत्व आपोआप येते. वर्गणी भरायची, नियम पाळायचे, मोडले तर दंड. आपल्याकडची जी मुले तिकडे घरे घेऊन राहिली आहेत, त्यांना ही नियमांची वही चांगली परिचयाची असते.

त्या वहीत प्राण्यांविषयीचे कलम बहुधा ठरलेले असते. कुठल्याही जातीचे प्राणी, गुरेढोरे वा कोंबड्या पाळू नयेत. अपवाद कुत्रा, मांजर आणि घरगुती पाळीव प्राण्यांचा. ससा नेमका या दोन शब्दांच्या फटीत सापडतो. तो गुरांत मोडतो की घरच्या लाडक्यांत? वाद तिथून सुरू होतो. पण मला कुतूहल आहे ते या कलमाच्या इतिहासाचे.

अमेरिकेला परसातल्या सशाचे वावडे कधीच नव्हते. १९०० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ‘बेल्जियन हेअर’ नावाच्या सशांचे एवढे वेड लागले होते की घरोघरी परसात पिंजरे आले आणि उत्तम नरमादीला भारी किंमत मिळू लागली. ते वेड लवकरच ओसरले, पण ससे राहिले. १९१० साली सशांच्या पैदासकारांची राष्ट्रीय संघटना निघाली, ती आजही आहे. १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, मांसावर रेशन आले तेव्हा सशाचे मांस त्यातून मोकळे होते. पिंजऱ्यातला ससा गरिबाच्या ताटाला आधार ठरला.

मला वाटते, त्याच्यावरचा राग इथेच आहे. परसात ससे आणि कोंबड्या दिसल्या की तिथे राहणाऱ्याला त्यांची गरज आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळते. आणि जमिनी विकणाऱ्यांना नेमके तेच दिसू द्यायचे नव्हते.

या विकणाऱ्यांपैकी एक मोठे नाव म्हणजे कॅन्सस सिटीचे जे. सी. निकोल्स. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट’ ही वसाहत उभारली. घराचे खरेदीखत करतानाच त्यात अटी घालायच्या, मुदत संपली की त्या आपोआप पुढे चालू राहतील अशी तजवीज करायची आणि अंमलबजावणीसाठी रहिवाशांचा संघ बांधायचा, ही पद्धत त्यांनी रुजवली. पुढे देशभरच्या विकासकांनी ती उचलली. रस्त्यापासून घर किती आत असावे, बांधकामाचा खर्च कमीत कमी किती असावा, कोणते प्राणी नसावेत, हे सगळे त्या काळच्या अशा खतांमध्ये सापडते. आणि बऱ्याचदा त्याच कागदावर आणखी एक कलम असे: हे घर कृष्णवर्णीयाला विकू नये, भाड्याने देऊ नये, त्याला इथे राहू देऊ नये. अपवाद घरकाम करणाऱ्या नोकरांचा.

ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचा. प्राणी नकोत, पण पाळीव चालतील. ती माणसे नकोत, पण नोकर चालतील. दोन्हीकडे प्रश्न त्रासाचा नाही. ससा घाण करतो का, शेजारी भांडतो का, हे कुणी विचारतच नाही. विचारली जाते ती फक्त जात.

सरकारही यात दूर राहिले नाही. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहरांचे निवासी विभाग पाडणारे नियम वैध ठरवले. न्यायमूर्ती सदरलँड यांनी त्यात डुकराचा दाखला दिला: गोठ्यात ते ठीक, दिवाणखान्यात आले की उपद्रव. याच निकालात सुट्या बंगल्यांच्या भागात उभ्या राहणाऱ्या भाडेकरूंच्या इमारतींना त्यांनी बांडगुळाची उपमा दिली. १९३४ साली गृहकर्जांना हमी देणारे सरकारी खाते निघाले आणि त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेने वंशभेदाच्या अटींची चक्क शिफारस केली.

मग १९४८ साल आले. सेंट लुईस शहरात शेली या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४५ साली घर घेतले होते. त्या घरावर १९११ सालापासून अशीच अट होती. शेजाऱ्यांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खाजगी माणसे असा करार आपसात पाळोत, पण तो पाळायला लावण्यासाठी सरकारी न्यायालय आपली ताकद वापरणार नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला असा भेदभाव बेकायदा ठरला. माणसांचे कलम असे मेले. त्याचे शब्द मात्र अनेक जुन्या खतांत अजून वाचायला मिळतात.

प्राण्यांचे कलम जगले, वाढले. घरमालकांचे संघ आणि तत्सम संस्था १९७० साली सुमारे १० हजार होत्या. २०२३ मध्ये त्या सुमारे ३ लाख ६५ हजार झाल्या. त्यांच्या छत्राखाली साडेसात कोटी माणसे राहतात. १९९४ साली कॅलिफोर्नियात एका बाईंच्या तीन मांजरींचा खटला गाजला. मांजरी घराबाहेर पडत नव्हत्या, कुणाला त्रास नव्हता, असे बाईंचे म्हणणे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियम वाजवी आहे की नाही ते संपूर्ण वसाहतीकडे पाहून ठरेल, एका घराकडे पाहून नाही. बाई हरल्या. मग विधिमंडळाने कायदा केला आणि २००१ पासून नव्या किंवा सुधारलेल्या नियमांना एक तरी पाळीव प्राणी मान्य करावा लागला. कोणता? कुत्रा, मांजर, पाळीव पक्षी, काचेच्या टाकीतला मासा. किंवा संघ राजी असेल तर दुसरा एखादा. ससा पुन्हा संघाच्या मर्जीवर राहिला.

इंग्लंडने मात्र उलटी वाट धरली. तिथेही मांसाचे रेशन होते. युद्ध संपल्यावरही ते १९५४ पर्यंत चालले. त्या टंचाईत १९५० साली पार्लमेंटने एक कायदा केला. त्याच्या बाराव्या कलमाने सांगितले की भाडेकरारात वा खरेदीखतात काहीही लिहिलेले असो, राहणाऱ्याला आपल्या जमिनीवर कोंबड्या आणि ससे पाळता येतील. त्यांचा धंदा करायचा नाही, आरोग्याला धोका नको, शेजाऱ्यांना उपद्रव नको. कोंबड्याला परवानगी नाही, कारण तो आरवतो. म्हणजे नकार आहे, पण तो वागण्याला आहे.

एवढासा फरक, पण मला तो फार मोठा वाटतो. मी मराठीत कविता लिहितो, मराठीतच स्वप्ने पाहतो. तरी भाड्याचे घर शोधताना भाडे, अनामत, तारीख, सगळे फोनवर ठरल्यानंतर नाव विचारले जाते आणि पलीकडचा आवाज बदलतो, हे मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. मी भांडखोर आहे का, भाडे थकवतो का, हे कुणी विचारले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध मानला. माणसांना आपापसात संघ बांधायचे स्वातंत्र्य आहे, हा युक्तिवाद हलका नाही. लहान समाजाला आपली वस्ती जपावीशी वाटते, हेही मी समजू शकतो. पण प्रत्येक दाराने तेच स्वातंत्र्य घेतले, तर रस्त्यावर उभ्या असलेल्याने जायचे कुठे?

शेजार म्हटला की नियम हवेतच. घाण नको, गोंगाट नको, दुसऱ्याच्या भिंतीला ओल नको. हे नियम कुणी मोडले तर त्याला जाब विचारावा, मग तो ससा पाळणारा असो की कवी. मात्र एखादा नियम वाचताना एवढे पाहावे की तो काय केलेस असे विचारतो, की कोण आहेस असे विचारतो. पहिला नियम शेजार राखतो. दुसरा नियम शेजार होऊच देत नाही.