खूण, तिथी आणि तारीख

पालघर तालुक्यात बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला पाम नावाचे गाव आहे. टेंभी, कुंभवली, कोलवडे ही त्याच्या आसपासची गावे. जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. थोडे पुढे गेले की नवापूर, मुरबे, सातपाटी असा कोळ्यांच्या वस्तीचा किनारा लागतो, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेकडे गेले की वारली पाड्यांचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. शेत, समुद्र, रान आणि कारखाना ही चारही जगे इथे काही कोसांच्या आत नांदतात. त्यामुळे या भागातल्या शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या तीन मुलांपैकी एकाचे वडील रात्रपाळीला जाणारे, दुसऱ्याचे बोटीवर जाणारे आणि तिसऱ्याचे भात लावणारे असू शकतात.

या तिघांच्याही घरी सण येतात. पण सण आला, हे कोणी ठरवायचे? प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर शोधू लागलो की या भागाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हाताशी येतो. आणखी एक प्रश्नही त्यातून निघतो : ज्या कामासाठी सण होता ते कामच आपण करीत नसू, तर त्या सणाचा आपल्याला काय उपयोग?

सणाचा दिवस ठरविण्याच्या तीन रीती आपल्याला या परिसरात दिसतात. पहिली खुणेची, दुसरी तिथीची आणि तिसरी तारखेची.

रानातली खूण

पहिला पाऊस पडून गेला की रानात कोळीभाजी उगवते. कोकणात काही ठिकाणी तिला फोडशी किंवा कुलू म्हणतात. गवतासारखी लांबट पाने असलेली ही भाजी वारली घरांत आवडीने खातात, पण उगवली की लगेच खुडून खात नाहीत. आधी ती शिजवून देवांना दाखवायची आणि मगच घरातल्यांनी खायची, अशी रीत आहे. नव्या भाताचेही तसेच. कणसरी ही धान्याची देवता. तिचा मान झाल्याशिवाय नवा दाणा तोंडात घालायचा नाही. पावसाचा नारनदेव, रानाचा वाघदेव, घरचा हिरवा, लग्नाच्या चौकात बसणारी पालघट या सगळ्या देवतांचा संबंध कोणत्या ना कोणत्या कामाशी आणि हंगामाशी आहे.

भात तयार होऊ लागले की तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून हे वाद्य बनते. तारपेकरी मध्ये आणि हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती, हे दृश्य गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांच्यासारख्यांच्या चित्रांतून जगभर पोचले आहे.

या सणांचा दिवस पंचांगात सापडत नाही. पाऊस लांबला तर भाजी लांबते आणि भाजी लांबली की सणही लांबतो. भाजी आणि सण यांत फरक पडण्याचा संभवच नाही, कारण भाजी हीच खूण आहे. दुसरी गोष्ट अशी, की या सणात एक मनाई दडलेली आहे. वस्तू समोर दिसते, भूकही असते, तरी थांबायचे. आपण सण म्हटला की खाणे आठवतो. इथे सण म्हणजे खाण्यापूर्वीचे थांबणे आहे.

‘आपल्या पूर्वजांना पर्यावरणाचे सारे ज्ञान होते’ असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. भाजीला वाढू द्यावे हा हेतू त्या रीतीच्या मुळाशी होता की देवाची भीती होती, की दोन्ही होते, हे केवळ रीतीकडे पाहून सांगता येत नाही. थांबण्याची सवय मात्र रीतीने लावली, एवढे आपण नक्की म्हणू शकतो.

हंगामाचा मालक

आता इतिहासाकडे वळू. के. जे. सावे यांचे वारल्यांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९४५ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. वारल्यांचे देव आणि चालीरीती यांची नोंद करणारे हे महत्त्वाचे पुस्तक. योगायोग असा, की त्याच वर्षी २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरविले. या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात सांगितली आहे. १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वेठ म्हणजे फुकट राबणे, हे आपण वर्गात शिकवतो. पण वेठीने नेमके काय जात होते? श्रम तर जातच, त्याबरोबर हंगामही जाई. भातशेतीत पहिल्या पावसानंतरचे दिवस मोलाचे. नेमक्या त्या दिवसांत जमीनदाराच्या शेतावर आधी राबायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा तुकडा लावायचा. खूण दिसली, पण तिच्यामागे जाण्याची मोकळीक नाही, अशी ही अवस्था होती. झरीची सभा मे महिन्यात, म्हणजे पावसाच्या तोंडावर भरली, ही गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुढे ऑक्टोबर १९४५ मध्ये संप झाला तो गवतकापणीच्या हंगामात. मालकाला माणसांची गरज केव्हा असते हे राबणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले.

अशा काळात सणाचा अर्थ काय असेल? तारप्याभोवतीची रात्र ही जमीनदाराच्या हिशेबात न बसणारी रात्र होती. वर्षातला तेवढा भाग तरी ऋतूचा आणि आपला, असे सण सांगत असला पाहिजे.

चंद्राचे गणित

खूण ही एका पाड्यापुरती चालते. पंचक्रोशीतल्या, किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांनी एकाच दिवशी काही करायचे असेल तर सर्वांना दिसणारी खूण हवी. चंद्र ही तशी खूण. तिथी त्याच्यावरून येते.

आश्विन वद्य द्वादशीचे उदाहरण घ्या. मराठी घरांत ही वसुबारस, गाय-वासराच्या पूजेचा दिवस. वारली पाड्यांत हीच वाघबारस, वाघदेवाच्या पूजेचा दिवस. एकाच तिथीला कुठे गाईला नमस्कार होतो, तर कुठे तिला खाणाऱ्याला. गुरे राखणाऱ्याला दोघांशीही जमवून घ्यावे लागते, हे लक्षात घेतले तर यात विसंगती राहत नाही. या भागातून पट्टेरी वाघ नाहीसा झाला, तरी बिबळ्या आहे आणि वाघोबाची ठाणीही आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील अशा दीडशेहून अधिक स्थानांची नोंद आहे.

किनाऱ्यावरची मोठी तिथी म्हणजे नारळी पौर्णिमा. पावसाळ्यात नांगरलेल्या होड्या समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटायच्या. या तिथीला एके काळी सरकारी आदेशातही स्थान होते. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर अनेक वर्षे १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल त्या दिवसापर्यंत बंदी असे. पुढे २०१५ साली केंद्र सरकारने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा एकच काळ ठरविला. तिथीची जागा तारखेने घेतली.

या बदलाने काय घडले ते दोन वर्षांची तुलना केली की कळते. २०२० साली नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, तर २०२३ साली ३० ऑगस्टला. इतका फरक का? बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान असते. हे अंतर भरून काढण्यासाठी साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो. २०२० साली तो आश्विनात, म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर आला. २०२३ साली श्रावणच अधिक होता, म्हणून पौर्णिमा पुढे गेली. बंदी उठणे आणि नारळ वाहणे यांत पहिल्या वेळी तीन दिवसांचे अंतर होते, दुसऱ्या वेळी तीस दिवसांचे.

इथे तिथीची बाजू घेऊन तारखेला दोष देणे सोपे आहे. पण लाटा आणि मासे तिथीही पाहत नाहीत. समुद्र शांत होणे वाऱ्यावर अवलंबून असते, चंद्राच्या गणितावर नाही. जुन्या काळी होड्या नांगरून ठेवण्याचे उघड कारण खवळलेला समुद्र हे होते. माशांना वाढायला वेळ मिळे, तो त्या भीतीचा आनुषंगिक फायदा. यांत्रिक बोटींमुळे भीती कमी झाली आणि थांबणे कायद्याने सांगावे लागले. सातपाटीची ओळख असलेल्या पापलेटाला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा हा मान मिळाला. मानाबरोबर त्याला वाढायला अवधी मिळतो का, हा खरा प्रश्न आहे.

तिथीप्रमाणे आपले सौर सणही ऋतूपासून सरकतात. सूर्याचे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते. आपण ते १४ जानेवारीच्या मकरसंक्रांतीशी जोडतो, कारण आपले पंचांग ताऱ्यांच्या संदर्भाने वर्ष मोजते. ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने हा दोष दाखविला होता. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सण मात्र जुन्याच दिवशी राहिले.

भोंगा आणि सण

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. औद्योगिक वसाहत वाढली, बोईसर वाढले. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि रोज मुंबईकडे जाणाऱ्यांचेही वर्ष गाडीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. अणुभट्टीला आणि रसायनांच्या कारखान्याला पावसाळा, हिवाळा सारखाच. पहिली, दुसरी, तिसरी पाळी आलटून पालटून येते. ज्याला नवे भात कापायचे नाही त्याला नव्या भाताचा सण कशाला?

तरीही सण राहिले आहेत. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली आदिवासी कुटुंबे होळीला पाड्यावर परततात. मुकादमाची उचल अंगावर असली तरी होळीला घर गाठायचेच. उत्तरेकडून आलेले कामगार कार्तिकात छठला बुडत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. या दोघांच्याही सणाचा अर्थ बदलला आहे. पूर्वी सण सांगे की आता अमुक काम सुरू करा. आता तो सांगतो की काम थांबवा, तुम्ही कुठले ते आठवा.

हा प्रश्न केवळ बोईसरचा नाही. युरोपात ख्रिस्तपूर्व देवतांना भजणाऱ्यांना ‘पेगन’ म्हणत. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘पागानुस’, म्हणजे खेड्यातला माणूस. आपल्याकडे इंग्रजी राजवटीच्या शिरगणतीत आदिवासींच्या श्रद्धांना असेच एक परके नाव चिकटवले गेले : ‘ॲनिमिझम’. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये काही शहरी लोकांनी पेगन हे नाव आपण होऊन घेतले आणि अयन, संपात व त्यांच्या मधले दिवस असे आठ सण पाळायला सुरुवात केली. त्यांतले काही सण जुने आहेत, पण आठांचे हे चक्र अलीकडचे आहे, असे रोनाल्ड हटन यांच्यासारखे इतिहासकार सांगतात. म्हणून ते खोटे ठरते का? आम्हाला तसे वाटत नाही. दिवस लहान-मोठा होतो हे खरेच आहे, आणि ते पाहण्यासाठी कामातून उठणारा माणूस खऱ्याच गोष्टीकडे पाहत असतो. त्यांना हरवलेली खूण पुन्हा शोधावी लागली. आपल्याकडे ती बोईसरच्या पूर्वेला अजून पावसाबरोबर उगवते.

मग रात्रपाळी करून आलेल्या माणसाला, किंवा इमारतीत वाढणाऱ्या मुलीला, या सणांतून काय घेता येईल? आमच्या मते, भिंतीवर वारली चित्र काढणे हा त्याचा सर्वांत लहान भाग. मोठा भाग थांबण्याचा आहे. बाजारात आंबा आला तरी घरच्या झाडाला पाड लागेपर्यंत वाट पाहणे, बंदीच्या काळात बर्फातले पापलेट न घेणे, वर्षातला एक दिवस मालकाचा नव्हे आणि आपलाही नव्हे, तर ऋतूचा आहे असे मानणे. यासाठी देव मानलाच पाहिजे असे नाही, आणि मानणाऱ्याची थट्टा करण्याचेही कारण नाही.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. वर्गात वर्षभरासाठी एक मोठा तक्ता लावावा. त्यात तीन रकाने करावेत : खूण, तिथी, तारीख. पहिली कोळीभाजी बाजारात कधी दिसली, पहिला काजवा कधी दिसला, होड्या कधी निघाल्या, कोणाच्या घरी कोणता सण कधी झाला, त्या दिवशी आईवडिलांना सुट्टी होती की पाळी, हे मुलांनी लिहावे. प्रत्येक सणासमोर ‘यासाठी घरात कोणी काय थांबवले?’ हेही लिहावे. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसाच तक्ता करून दोन्ही शेजारी लावावेत. कोणता रकाना किती दिवसांनी सरकला ते मुलांना मोजू द्यावे.