छायाचित्रातील हस्तमुद्रा : एक ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना :
चिकलठाणा विमानतळावर उतरलेला पर्यटक वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेणीत बुद्धमूर्तीसमोर उभा राहतो आणि दोन बोटे उंचावून छायाचित्र काढून घेतो. मागील मूर्तीचे हात व्याख्यानमुद्रेत असतात. अशा प्रकारे एकाच चौकटीत दोन हस्तमुद्रा येतात. त्यांचा अर्थ कसा घडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निश्चल हात :
शिल्पातील अभय, भूमिस्पर्श, धर्मचक्र इत्यादी मुद्रांचे अर्थ परंपरेने निश्चित केलेले आहेत. छायाचित्रातील हाताला मात्र प्रारंभी तंत्राचे बंधन होते. १८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला, तेव्हा प्रतिमा उमटण्यास बराच वेळ लागे व हात हलल्यास ती अस्पष्ट होई. म्हणून हात खुर्चीच्या हातावर, गुडघ्यावर किंवा पुस्तकावर टेकविला जाई. तंत्र सुधारल्यावरही ही ठेवण प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून टिकून राहिली.

दोन बोटे :
दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, दोन बोटांची खूण विजयचिन्ह म्हणून प्रसृत झाली व चर्चिल यांच्यामुळे जगभर पोहोचली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील व्हिएतनाम युद्धविरोधी तरुणांनी तिलाच शांततेचा अर्थ दिला. पुढे जपानमध्ये ती छायाचित्रातील नित्याची खूण झाली. आज वेरूळच्या पर्यटकाला तिच्यातून युद्ध वा शांतता यांपैकी काहीही सुचवावयाचे नसते. त्यातून केवळ प्रसन्नता व्यक्त होते.

उंचावलेले बोट :
मराठवाड्याच्या संदर्भात तिसरी मुद्रा अधिक महत्त्वाची आहे. संसद भवनाच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी अनावरण झालेल्या, शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचा उजवा हात पुढे उंचावलेला आहे. हीच ठेवण गावोगावच्या पुतळ्यांत आढळते. ज्या समाजाकडून वाकून जोहार करण्याची अपेक्षा केली जात असे, त्या समाजाने हा उंचावलेला हात सार्वजनिक चौकात उभा केला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी दरवर्षी अभिवादनासाठी जनसमुदाय जमतो. तेथे काढलेल्या छायाचित्रांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

निष्कर्ष :
हस्तमुद्रेचा अर्थ बोटांच्या रचनेत नसून काळ, स्थळ व ती करणाऱ्याचे सामाजिक स्थान यांत असतो. दोन बोटांची खूण प्रसृत होताना आपला मूळ आशय गमावून बसली. उंचावलेल्या बोटाने मात्र गावोगावी पोहोचताना आपला आशय जपला, कारण त्यामागील समतेची मागणी अद्याप पूर्ण झालेली नाही. म्हणून घराघरांतील जुनी छायाचित्रे अभ्यासताना चेहऱ्यांबरोबरच हातांचीही नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेणे आवश्यक आहे.