बाळ कधी चालू लागते? एका तक्त्याचा इतिहास

अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात माता-बाल संरक्षण कार्ड आपण सर्वांनीच पाहिलेले असते. त्यात लसींच्या नोंदी असतात, वजनाचा आलेख असतो आणि छोट्या चित्रांची एक रांगही असते. हसणारे बाळ, मान धरणारे बाळ, बसणारे बाळ, धरून उभे राहणारे बाळ. प्रत्येक चित्राजवळ वय लिहिलेले असते. आई ते चित्र पाहते, मग आपल्या मुलाकडे पाहते आणि मनातल्या मनात हिशेब करते. मूल पुढे असेल तर ती सुखावते, मागे असेल तर धास्तावते.

हे महिने आले कोठून? ते कोणी ठरवले आणि कोणाची मुले पाहून ठरवले? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराला सव्वादोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात जे शिकवतात, त्यांना तर हा इतिहास माहीत असणे फार उपयोगाचे आहे.

घरातले माप

मुलांच्या वाढीचे टप्पे शास्त्रज्ञांनी शोधून काढले असे मात्र नाही. बाळाने मान धरली, ते कुशीवर वळले, पालथे पडले, पोटावर सरकू लागले, रांगले, बसले, धरून उभे राहिले, मग पाऊल टाकले, ही सगळी शब्दसंपत्ती आपल्या आज्यांची आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करण्याच्या चालीमागेही बाळ आता मान सावरते, बसू पाहते, घास गिळू शकते, हे निरीक्षण आहेच. चालायला शिकणाऱ्या मुलासाठी सुताराकडून पांगुळगाडा करून घेत. या ज्ञानात क्रम पक्का होता, वय मात्र सैल होते. ‘आमचा थोरला लवकर चालला, धाकटीने वेळ लावला’ एवढ्यावर भागत असे.

वयाचा काटेकोर हिशेब ठेवण्याची सुरुवात युरोपात झाली, आणि तीही घरातच. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडेमान यांनी आपल्या मुलाच्या पहिल्या अडीच वर्षांच्या नोंदी १७८७ साली प्रसिद्ध केल्या. चार्ल्स डार्विन यांचा पहिला मुलगा विल्यम १८३९ साली जन्मला, तेव्हापासून त्यांनी त्याची वही ठेवली होती. ती वही ३७ वर्षे तशीच पडून होती. फ्रेंच विचारवंत तेन यांचा आपल्या मुलीच्या भाषेविषयीचा लेख वाचल्यावर १८७७ साली डार्विन यांनी ‘माइंड’ या नियतकालिकात आपल्या नोंदी छापल्या. त्यांत एक गमतीची गोष्ट आहे. बरोबर एक वर्षाचा असताना या मुलाने खाण्यासाठी स्वतःच एक शब्द तयार केला होता, ‘मम्’. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही हे वाचून आपले ‘मंमं’ आठवेल.

पुढे १८८२ साली विल्हेल्म प्रायर यांचे ‘बालमन’ या अर्थाच्या नावाचे जर्मन पुस्तक आले. आपल्या मुलाचे त्यांनी तीन वर्षे रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ असे निरीक्षण केले होते. शिस्त वाखाणण्यासारखी होती, पण अडचण उघड होती. मूल एकच, आणि पाहणारा त्याचा बाप. एका मुलावरून सर्व मुलांविषयी काय सांगणार?

एका मुलाकडून अनेक मुलांकडे

ही अडचण सोडवण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत आर्नल्ड गेझेल यांनी केला. १९११ साली त्यांनी येल विद्यापीठात मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. बाहेरचे लोक बाळाला दिसू नयेत, पण त्यांना बाळ दिसावे अशी घुमटाकार खोली बांधून ते आत चित्रीकरण करीत. चित्रफितीची एकेक चौकट पाहून कोणत्या आठवड्यात बाळ काय करते याची यादी त्यांनी केली. आजच्या तक्त्यांचा सांगाडा बराचसा त्यांचा आहे.

गेझेल यांची मानके मुख्यतः १०७ बाळांवर बेतलेली होती. ही बाळे न्यू हेवन या एका शहरातील, मध्यमवर्गीय, गोऱ्या कुटुंबांतील होती. तुलना सोपी व्हावी म्हणून सारखीच मुले मुद्दाम निवडली होती. पण पुढे तक्ता जगभर गेला आणि ही गोष्ट मागे राहिली. एका शहरातील काही मुलांचे सरासरी वय हे ‘बाळाचे योग्य वय’ होऊन बसले.

दुसरी मोठी सुधारणा १९६७ साली झाली. विल्यम फ्रँकेनबर्ग आणि जोसाया डॉड्स यांनी डेन्व्हर शहरातील १,०३६ मुलांची १०५ कृतींवर पाहणी केली. त्यांनी प्रत्येक कृतीपुढे एकच महिना लिहिला नाही, तर एक आडवी पट्टी काढली. शंभरांतील पंचवीस मुले ज्या वयात ती कृती करू लागतात तेथे पट्टी सुरू होते, पन्नास आणि पंचाहत्तर मुलांच्या वयाला खुणा असतात आणि नव्वद मुलांच्या वयाला पट्टी संपते. हा बदल दिसायला किरकोळ वाटतो, पण महत्त्वाचा आहे. एकच महिना लिहिला की तो मधला असतो. म्हणजे साधारण निम्मी मुले त्यानंतरच ती कृती करतात, आणि त्यांना काहीही झालेले नसते.

बडोद्याची बाळे

आपल्या देशातील मुलांसाठी स्वतंत्र मानके हवीत, हे काम हाती घेतले ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्रमिला फाटक यांनी. अमेरिकेतील नॅन्सी बेली यांची चाचणी त्यांनी बडोद्याच्या बाळांवर वापरून तिची भारतीय मानके बसवली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या चाचणीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कृती आहेत. तिची सुधारलेली आवृत्ती १९९७ साली आली. आजही भारतात बाळांच्या विकासाची सविस्तर तपासणी करताना ती वापरतात.

एवढ्या कृती अंगणवाडीत तपासणे शक्य नाही. म्हणून तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी १९९१ साली या बडोदा मानकांतून अवघ्या १७ कृती निवडल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एका पानाचा तक्ता केला. बाळाच्या वयाच्या जागी पेन्सिल उभी ठेवायची. तिच्या डावीकडे पट्टी संपलेली एखादी कृती बाळ करीत नसेल तर त्याला पुढील तपासणीसाठी पाठवायचे.

पुढचा टप्पा जागतिक आरोग्य संघटनेचा. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी बाळे पाहून संघटनेने २००६ साली सहा हालचालींच्या मुदती प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, हातगुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे चालण्याच्या बाबतीत निरोगी मुलांतच नऊ महिन्यांहून अधिक अंतर पडू शकते! शिवाय शंभरांतील सुमारे चार मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरी चालली. भारतातील बाळे मात्र दक्षिण दिल्लीतील सुस्थितीतल्या घरांमधून निवडली होती. पोषण आणि आरोग्य चांगले असताना मूल कसे वाढू शकते हे पाहायचे असल्याने ही निवड योग्यच होती. पण आपल्या पाड्यावरचे मूल त्यात नव्हते, हेही खरे.

काय आपोआप, काय संगतीने?

गेझेल यांचा विश्वास होता की टप्पे आतूनच उलगडतात. १९२९ साली त्यांनी जुळ्या बहिणींवर एक प्रयोग केला. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे पायऱ्या चढायला शिकवले, दुसरीला ५३व्या आठवड्यापासून दोनच आठवडे. उशिरा सुरू केलेलीने पहिलीला लवकरच गाठले. अमेरिकेतील होपी आदिवासी बाळांना फळीला बांधून ठेवत, तरीही ती इतर होपी मुलांच्याच सुमारास चालतात, असे वेन डेनिस यांना १९४० साली आढळले.

पण याच डेनिस यांनी १९६० साली तेहरानमधील अनाथालयांचा अहवाल दिला. तिथल्या एका संस्थेत मुलांना कोणी उचलून घेत नव्हते, बसवत नव्हते. दुसऱ्या वर्षातील निम्म्याहून अधिक मुलांना आधाराशिवाय बसताही येत नव्हते. १९७६ साली चार्ल्स सुपर यांनी केनियातील किप्सिगिस समाजाविषयी लिहिले. तेथे बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात आणि ती मुले या दोन गोष्टी सुमारे महिनाभर आधी करतात. न शिकवलेल्या गोष्टींत मात्र ती पुढे नसतात. अमेरिकेत १९९४पासून बाळांना उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली. तेव्हा ती बाळे पालथी पडायला आणि रांगायला थोडी उशिरा शिकू लागली, चालण्याचे वय मात्र बदलले नाही.

या सर्वांचा अर्थ असा की क्रमाचा पाया शरीरात आहे, पण वेळ पुष्कळशी संगतीवर, संधीवर आणि अन्नावर अवलंबून असते. महिनाभर इकडेतिकडे होणे हा रीतीचा फरक असू शकतो. वर्षभर मागे पडणे हा रीतीचा फरक नव्हे.

सुरगाण्यात तक्ता वाचताना

आता आपण आपल्या तालुक्यात येऊ. तक्ता वापरायला पहिली गोष्ट लागते ती म्हणजे वय, आणि तेही महिन्यांत. बाळाचा जन्म भाताच्या लावणीत झाला, नागली काढताना झाला की होळीच्या आधी, असे घरचे सांगतात. ती माहिती चुकीची नसते, पण ती महिन्यांत बदलून घ्यावी लागते. यासाठी गावातील सण, शेतीची कामे, बाजार यांची एक स्थानिक दिनदर्शिका करून ठेवावी. पाहणी करणारे लोक ही युक्ती नेहमी वापरतात. वय दोन महिन्यांनी चुकले तर निरोगी मूल मागे पडलेले दिसेल. मूल दिवस भरण्याआधी जन्मले असेल तर जितके आठवडे आधी, तितके पहिली दोन वर्षे वयातून वजा करायचे असतात.

दुसरी गोष्ट तपासणीच्या सामानाची. बेली यांच्या चाचणीत पायऱ्या चढण्याच्या कृती आहेत. कुडाच्या भिंती आणि सारवलेली जमीन असलेल्या घरात पायरी असतेच असे नाही. ठोकळ्यांचा मनोरा, खडूने रेघोट्या यांचेही तसेच. ज्याने ठोकळा पाहिलेला नाही त्याने मनोरा रचला नाही, यावरून त्याच्या बुद्धीबद्दल काही कळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे यांतूनच साधने केली. मुलाच्या ओळखीच्या वस्तू त्याच्या हातात दिल्या की त्याला काय येते ते दिसू लागते. तपासणीलाही हेच लागू आहे.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. द्राक्षांच्या हंगामात तालुक्यातील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे कामाला जातात. बाळ झोळीत असते आणि मोठी भावंडे त्याला सांभाळतात. या काळात वजन आणि टप्पे या दोन्हींच्या नोंदी तुटतात. दोन नोंदींत सहा महिन्यांचे अंतर पडले तर मागे पडणारे मूल सापडायला तेवढाच उशीर होतो.

येथे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. दूरच्या मुलांवरून केलेला तक्ता काठीसारखा वापरला तर अख्ख्या समाजाच्या मुलांवर ‘मंद’ असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का पहिलीच्या वर्गापर्यंत त्यांच्या मागे येतो. उलट ‘आमच्याकडची मुले अशीच उशिरा बोलतात’ म्हणून तक्ता बाजूला ठेवला तर ज्याला ऐकूच येत नाही असे मूल चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे तोवर निघून गेलेली असतात.

म्हणून काही खुणा मात्र सबब न सांगता पाळाव्यात. चार महिने पूर्ण होऊनही मान न धरणे, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय न बसणे, दीड वर्ष होऊनही न चालणे, दोन वर्षे होऊनही दोन शब्द जोडून न बोलणे, आवाजाकडे न वळणे, आणि कोणत्याही वयात येत असलेली गोष्ट येईनाशी होणे. यांपैकी काही दिसले तर मूल आरोग्य पथकाला दाखवायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येणे अपेक्षित असते. त्या दिवशी शिक्षकाने स्वतः नाव सुचवले तर मूल सुटत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

मुदत आणि महिना यांतील फरक पहिली-दुसरीच्या वर्गातच पाहता येतो. प्रत्येक मुलाचे वय महिन्यांत लिहा आणि दुधाचे किती दात पडले ते मोजा. फळ्यावर वयाची आडवी रेघ ओढून प्रत्येक मुलाची खूण करा. पहिला दात कोणाचा पाचव्या वर्षी पडलेला असेल, कोणाचा सात उलटले तरी हलतही नसेल. मग विचारा, यांत हुशार कोण? मुले हसतील. पालकसभेत हाच तक्ता भिंतीवर लावून शेजारी चालण्याची पट्टी काढावी, साडेआठ महिन्यांच्या जरा अलीकडे सुरू होणारी आणि साडेसतरा महिन्यांच्या जरा पलीकडे संपणारी. पट्टीच्या आत असलेल्या मुलाची आई निर्धास्त होईल. पट्टी संपून गेलेल्या मुलाच्या आईला आपण त्याच दिवशी सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे.