साथीचा खर्च कोणाच्या वहीत?

कोरोनाच्या नुकसानीचा विषय निघाला की अर्थतज्ज्ञ एक आकडा पुढे करतात : एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचा जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरला. जव्हार-मोखाड्याचा हिशोब त्यात सापडत नाही. तो उचलीच्या वहीत असतो.

इथले कातकरी, वारली दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आधी उचल घ्यायची, मग पावसाळ्यापर्यंत विटा पाडून ती फेडायची. २४ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली, ऐन हंगामात. जिथे काम थांबलं तिथे मजुरी थांबली, उचल मात्र अंगावर राहिली. अंगावरची उचल म्हणजे पुढच्या वर्षीचे हात आजच गहाण. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली म्हणे!

शासनाने बंद पडलेली खावटी पुन्हा सुरू केली : कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. वाटप २०२१ पर्यंत रेंगाळलं. भूक एप्रिललाच लागली होती.

हे नवं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईत हजारी मृत्यू असे नोंदले गेले : युरोपीय ८.३, सवर्ण हिंदू १८.९ आणि सरकारी भाषेतले ‘खालच्या जातीचे’ हिंदू, म्हणजे आपले लोक, ६१.६. रोग एकच होता, चाळ आणि बंगला वेगळे होते. मागे उरलेल्या घरांनी किती कर्ज काढलं, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

म्हणून पाड्यावर गेलो की आम्ही आधी हेच विचारतो : टाळेबंदीतली बाकी फिटली का?