आजीची सिंगर मशीन कोणत्या सालची?

१/ मराठी घरांतील जुन्या काळ्या सिंगर मशीनविषयी तीन विधाने हमखास ऐकायला मिळतात. ती शंभर वर्षांची आहे, ती इंग्लंडची आहे आणि ती आजीच्या लग्नात आली. तिन्ही विधाने तपासता येतात. त्यासाठी लागणारा पुरावा मशीनवरच कोरलेला असतो. तो कसा वाचावा, यासाठी हा थ्रेड.

२/ आधी पार्श्वभूमी. एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक मेरिट सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र महाग होते. सिंगरच्या कंपनीने १८५६ पासून ते हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली आणि बेताच्या मिळकतीच्या घरांनाही ते परवडू लागले. पुढे हाच हप्ता भारतातही आला. येथील व्यवसाय पटेल नावाच्या पारशी एजंटाने मुंबईतून उभा केला.

३/ मॉडेल ओळखताना पहिली फसगत नक्षीमुळे होते. ‘स्फिंक्सवाली मशीन’ हे मॉडेलचे नाव नव्हे. एकाच मॉडेलवर वेगवेगळी सोनेरी चित्रे उमटवली जात. दुसरी फसगत ‘सिमॅन्को’ या शब्दाने होते. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या इंग्रजी नावाचा तो संक्षेप असून त्यापुढचा आकडा फक्त त्या सुट्या भागाचा असतो.

४/ खरी ओळख बॉबिनपाशी पटते. बॉबिन लांब, काडीसारखी आणि शटल बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे असेल, तर मशीन बहुधा २७ किंवा २८ क्रमांकाच्या वर्गातील. गोल बॉबिन वरून, सुईपुढच्या झाकणाखाली बसत असेल, तर ६६ किंवा ९९. बॉबिन केस डाव्या बाजूने उभी बसत असेल, तर १५.

५/ त्यानंतर माप घ्यावे. २७ आणि ६६ यांची तळपाटी पूर्ण लांबीची, साधारण साडेचौदा इंच असते. २८ आणि ९९ ही त्यांचीच लहान भावंडे. क्रमांकापुढे ‘के’ असेल (१५के, ६६के), तर तो किलबोवी कारखान्याचा निर्देश होय. हा कारखाना क्लाइडबँक येथे, म्हणजे स्कॉटलंडमध्ये होता. ‘इंग्लंडची मशीन’ बहुतेकदा स्कॉटलंडची निघते ती यामुळे.

६/ आता साल. तळपाटीच्या उजव्या टोकाला, खांबाच्या पायथ्याशी अनुक्रमांक कोरलेला असतो. नुसते आकडे असतील, तर तो १९०० पूर्वीचा. पुढे आकड्यांआधी इंग्रजी अक्षर आले: एफ, पी, एस, वाय ही क्लाइडबँकची, जी अमेरिकेतील एलिझाबेथ कारखान्याचे, सी जर्मनीतील विटेनबर्गे येथील. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून क्लाइडबँकच्या यंत्रांवर ‘ईए’सारखी जोडाक्षरी मालिका दिसते.

७/ येथे सावधगिरी हवी. कंपनीच्या नोंदवहीतील तारीख ही क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते. मशीन जोडली गेली, जहाजावर चढली, दुकानात विकली गेली, हे सारे नंतरचे. म्हणून अनुक्रमांक ‘याच्या आधीची नाही’ एवढेच ठामपणे सांगतो.

८/ पण तेवढ्यानेही पुष्कळ उलगडते. समजा, आजीचे लग्न १९२८ चे आणि मशीनवर ‘ईए’ आहे. मग ती रुखवतात आलेली असणे शक्य नाही. ती नंतर कोणीतरी घेतली. कोणी, कशाच्या पैशाने? कदाचित शेजारपाजारचे कपडे शिवून आजीनेच हप्ते फेडले असतील. ‘लग्नातली’ या एका शब्दाखाली बाईची कमाई दडून जाते. घरात शिवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत सहसा सापडत नाही. कित्येकींच्या बाबतीत हा क्रमांकच काय तो कागद.

९/ क्रमांकाच्या दुसऱ्या टोकालाही श्रमच आहेत. मार्च १९११ मध्ये क्लाइडबँकच्या कारखान्यात लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा स्त्रियांनी काम वाढले आणि मजुरी घटली म्हणून काम थांबवले. पाहता पाहता सुमारे अकरा हजार कामगार संपावर गेले. संप मोडला आणि अनेकांची नोकरी गेली. ‘एफ’ मालिकेतील यंत्रे त्याच काळातील आहेत.

१०/ आणखी एक इशारा. काळा रंग आणि सोनेरी वेलबुट्टी म्हणजे सिंगरच, असे नाही. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात देशी शिलाई मशीन बनवायला घेतली. तीच पुढे ‘उषा’ या नावाने घरोघरी पोचली. अशा यंत्रांना सिंगरची क्रमांकसूची लावू नये.

११/ क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. त्याच्या नावाचे ‘सिंगर’ रेल्वे स्थानक तेवढे तेथे उरले आहे. आपल्याकडची यंत्रे मात्र अजून माळ्यावर आहेत आणि रोज किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. विकायची असेल तर जरूर विकावी, पण त्याआधी अनुक्रमांक, बॉबिनची जात आणि तळपाटीचे माप वहीत उतरवावे. शेजारी लिहावे, ती कोण चालवीत असे, काय शिवत असे आणि त्याचे पैसे कोणाच्या हाती जात. क्रमांक पुढेही शोधता येईल. उरलेले सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच विचारावे.