गुरू कुठे भेटतो? केळुसकर, आंबेडकर आणि बदलापूरची शिवजयंती

संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे तो ‘चांगला मार्गदर्शक कसा शोधावा’. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न विचारणं जरा गमतीचंच आहे. आपल्याकडे गुरूंची टंचाई कुठे आहे? स्टेशनाबाहेर पडलं की क्लासच्या पाट्या, चार पावलं पुढे सत्संगाचे फलक. तत्त्वज्ञानाच्या माणसाने अशा वेळी ‘गुरू’ शब्दाची व्याख्या करायला बसायचं, असा रिवाज आहे. आम्ही तो आज मोडतो. त्याऐवजी एक इतिहास सांगतो. त्याचं एक टोक इथे बदलापुरात आहे.

३ मे १९२७. शिवाजी महाराजांचा जन्म तेव्हा पुष्कळ लोक १६२७ चा धरत आणि जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला करत. म्हणजे हे त्रिशताब्दीचं वर्ष. बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. उल्हासनगर तेव्हा नव्हतंच. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून ते शहर उभं राहिलं १९४९ मध्ये. बदलापूर लहान गाव. आणि काळ कोणता, ते लक्षात घ्या. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याला जेमतेम सहा आठवडे झालेले. तिकडे ते तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ करून झालं होतं. अशा वेळी त्याच माणसाला शिवजयंतीच्या अध्यक्षपदी बसवणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता योगायोग पाहा. शिवाजी महाराजांचं मराठीतलं पहिलं विस्तृत चरित्र म्हणून ज्याचं नाव घेतात, ते लिहिलं कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं ते पुस्तक. आणि त्या दिवशी बदलापुरात अध्यक्षस्थानी बसलेला माणूस घडण्यात ज्यांचा हात होता, तेही हेच केळुसकर.

केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, जन्म १८६०, जातीने मराठा, पेशाने मुंबईत शिक्षक. शिवचरित्राआधी त्यांनी तुकारामांचं आणि गौतम बुद्धाचं चरित्र लिहिलं होतं. संस्थानिक नव्हते, पुढारी नव्हते, मठाधिपती तर नव्हतेच. शाळा सुटली की पुस्तक घेऊन चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसायचे. तिथे त्यांना एक शाळकरी पोरगा रोज वाचत बसलेला दिसायचा. परळच्या चाळीतल्या खोलीत वाचायला जागा कुठली असणार! एके दिवशी केळुसकरांनी विचारलं, तू कोण, काय वाचतोस? मुलाने आपली जात सांगितली, तेव्हा मास्तर उठून गेले नाहीत. काय वाचावं हे त्यांनी सांगायला सुरुवात केली.

आम्हाला या गोष्टीत एक तपशील फार मोलाचा वाटतो. मुलगा गुरू शोधायला बागेत आला नव्हता, तो वाचायला आला होता. मार्गदर्शकाने तुम्हाला ओळखावं, तर तुम्ही त्याच्या नजरेला पडेल अशा जागी, काहीतरी करत असायला हवं. नुसतं ‘सर, मला मार्गदर्शन करा’ म्हणून ते होत नाही, बरं का. अंबरनाथच्या कारखान्यांत ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वस्ताद हात चालणाऱ्या पोरालाच जवळ बोलावतो.

पुढे परीक्षा पास झाल्याबद्दल मुलाचा सत्कार करायचं लोकांनी ठरवलं. वडील रामजी सुभेदार तयार होईनात. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. लोक केळुसकरांकडे गेले, त्यांनी सुभेदारांची समजूत घातली, आणि सभेच्या शेवटी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवलं. ही परीक्षा कोणती? चरित्रकार सांगतात, मॅट्रिकची, १९०७. खुद्द बाबासाहेबांनी लिहिलंय ती इंग्रजी चौथीची. आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला असा फरक खटकतो, पण पुस्तक कोणतं याबद्दल मात्र दुमत नाही.

पुस्तक देणं सोपं. अवघड काम नंतरचं. इंटरपर्यंत शिक्षण झालं आणि पैसे संपले. सयाजीराव गायकवाडांनी मुंबईत अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचं जाहीर आश्वासन दिलं होतं. केळुसकर त्या शब्दाची आठवण द्यायला मुलाला घेऊन थेट महाराजांपुढे उभे राहिले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं पटली, दरमहा २५ रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर म्युलर यांनी पुस्तकं दिली आणि कपडेही. असा बी. ए. झाला, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. म्हणजे एक गुरू नव्हे, हातोहात पुढे नेणारी माणसांची साखळी. पहिल्या कडीने स्वतःला शेवटची कडी मानलं नाही, हे केळुसकरांचं मोठेपण. शिष्य आपल्याच वर्तुळात ठेवणारे प्राध्यापक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. नावं कशाला घ्या!

पण मार्गदर्शकाच्या हातात सगळंच असतं असंही नाही. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे. एका हिंदू मित्राला आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनीही टाळलं. ज्या राज्याच्या पैशावर शिकून आले, त्याच राज्याच्या राजधानीत ही अवस्था. दार उघडून देणारा भेटला, म्हणून आतली माणसं बदलत नाहीत. चांगल्या गुरूच्या जोरावर सगळं निभावतं असं सांगणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

आता शिकायचं कसं, हा विषयाचा दुसरा भाग. कोलंबियात सेलिग्मन आणि ड्यूई, लंडनला एडविन कॅनन, हे त्यांचे शिक्षक. कॅनन यांची गोष्ट आम्हाला विशेष आवडते. १९२३ मध्ये ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध पुस्तकरूपाने निघाला, त्याला प्रस्तावना कॅनन यांची. आणि त्या प्रस्तावनेत गुरू काय लिहितो? की या ग्रंथातली बरीचशी टीका मला मान्य नाही. तरी प्रस्तावना दिली. आणि शिष्याने ती जशीच्या तशी छापली! आपल्याकडे सत्कार समारंभात जी गुरुभक्ती चालते, तिच्याशेजारी ही दोन पानं ठेवून बघा. ड्यूई यांचं ऋण आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त उघड मांडलं, पण मांडलं ते जातीवर घाव घालताना, ड्यूईंना त्या प्रश्नाची झळ कधी लागलीच नव्हती. शिकलेलं हत्यार गुरूने कधी न पाहिलेल्या जागी चालवायचं, याला आम्ही शिकणं म्हणतो. पाया पडणं ही निराळी गोष्ट आहे.

आणि त्यांचे तीन गुरू? बुद्ध, कबीर, फुले. यांतला एकही त्यांना भेटलेला नाही. जोतीराव गेले नोव्हेंबर १८९० मध्ये, भीमरावांचा जन्म एप्रिल १८९१ चा. १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ त्यांनी फुल्यांना अर्पण केला. इथे बदलापुरात किंवा कॅम्पात कुणी म्हणेल, आम्हाला केळुसकर मिळाले नाहीत हो. त्याला आमचं उत्तर एवढंच, की वाचनालयाच्या कपाटात फुले आहेत.

याच माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्याला एवढे गुरू लाभले आणि ज्याने प्रत्येकाचं देणं नाव घेऊन मान्य केलं, त्याने ते सांगावं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

केळुसकर १९३४ मध्ये गेले. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी एक प्रस्तावना लिहिली, तिच्यात दादा केळुसकर आहेत, तो सत्कार आहे, ते भेट मिळालेलं पुस्तक आहे. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. त्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना नव्हती. लोकांना ती वाचायला मिळाली फार पुढे.