पी-५३ : पेशीचा राखणदार मोडीत कसा निघतो?

पेशी रोज नवी प्रथिने बनवते, तशी बिघडलेली किंवा काम संपलेली प्रथिने मोडीतही काढते. हे काम मुख्यतः प्रोटिएसोम नावाचे पिंपासारखे यंत्र करते. कापणाऱ्या जागा पिंपाच्या आत असल्यामुळे समोर येईल ते प्रथिन कापले जात नाही. आधी त्यावर युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटावी लागते. पिंपाचे झाकण ही खूण ओळखते, साखळी सोडवून घेते आणि प्रथिन उलगडून आत ढकलते. युबिक्विटिनच्या खुणेने प्रथिने मोडीत निघण्याच्या या प्रक्रियेच्या शोधाबद्दल आरोन चिखानोव्हर, अवराम हर्शको आणि आयर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

खरी मेख आहे ती खूण लावणाऱ्यांत. कोणत्या प्रथिनाचा नंबर लावायचा, हे ई-३ लायगेझ प्रकारची एन्झाइम्स ठरवतात. डीएनए बिघडला की पेशीची वाढ थांबवणारे पी-५३ हे प्रथिन एरवी एमडीएम-२ या ई-३ मुळे सतत मोडले जाते, म्हणून त्याचे प्रमाण कमी राहते. बिघाड झाला की ही पकड सुटते, पी-५३ साठते आणि पेशी थांबते किंवा मरते.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू नेमका इथेच हात घालतो. त्याचे ई-६ प्रथिन पेशीच्याच एका ई-३ ला धरते आणि पी-५३ समोर आणून उभे करते. (त्या बिचाऱ्या एन्झाइमचे नावही विषाणूवरूनच पडले : ई-६ एपी.) बिघाड असो वा नसो, राखणदार मोडीत निघतो. इतर अनेक कॅन्सरांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते. इथे मात्र ते बहुधा धडधाकट असते. म्हणूनच प्रयोगशाळेत ई-६ बंद पाडले, की पी-५३ परत दिसू लागते.

एचपीव्हीची लागण झाली म्हणजे कॅन्सर होतोच असे नाही. बहुतेक लागणी एक-दोन वर्षांत आपोआप जातात. धोका असतो तो वर्षानुवर्षे टिकणाऱ्या लागणीचा. या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार सापडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस या दोन्हींवर आहे. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. मात्र आधीच झालेली लागण लसीने बरी होत नाही, त्यामुळे लस घेतलेल्या बाईनेही तिशीनंतर तपासणी टाळू नये.